परातीतल्या चिठ्ठ्या

प्राणिशास्त्राच्या इमारतीत त्याला सगळे कुलूप म्हणत. नाव ठेवणाऱ्याला बक्षीसच द्यायला हवं होतं. हा गडी टेबलाच्या खणाला कुलूप लावी, सायकलीला दोन लावी, आणि घरी वहिनीने चहा पुढे केला तरी आधी कपात डोकावे. वहिनी म्हणायची, "भावजी, विष घालायचंच असतं तर एवढी वर्षं थांबले नसते. प्या मुकाट्याने."

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तो ओढ्यातल्या अळ्या पाळत होता. पाल्याचे तुकडे कातरून, तोंडातल्या धाग्याने जोडून अंगाभोवती नळीसारखं घर बांधणाऱ्या अळ्या. कोणत्या ओढ्यातल्या अळीचा कोणता किडा होतो, हे त्याला दाखवायचं होतं आणि दोन वर्षं त्यातच गेली होती. खिडकीखाली एनॅमलच्या पराती मांडलेल्या, प्रत्येक ओढ्याची वेगळी. इतर लोक ओढ्याचं नाव भांड्याला बाहेरून चिकटवत. पण बाहेरची चिठ्ठी कुणी बदलली तर? म्हणून हा शहाणा पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी थेट पाण्यात सोडायचा, मेलेल्या नमुन्यांच्या बाटलीत सोडतात तशी. शिवाय पाणी नितळ हवं म्हणून कुजका पाला रोज उपसून टाकायचा.

एका सकाळी एका परातीतली चिठ्ठी नाहीशी झाली. मग दुसरीतली. ओढ्याचं नाव गेलं म्हणजे त्या परातीतल्या अळ्या कवडीमोलाच्या. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

खोलीची दुसरी किल्ली एकाकडेच होती, गवत्याकडे. हा त्याच खोलीत दलदलीतली गवतं टिपकागदात दाबून वाळवायचा आणि काम करताना शीळ घालायचा. कुलूपला वाटलं, शीळ घालतो म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. त्या दिवसापासून परातीत वाकून बघायचं सोडून तो गवत्याच्या हातांकडेच बघत बसला. शेवटी त्याने सरांचे कान भरले. सर वैतागून म्हणाले, "बरं, चौकशी होईपर्यंत त्याची किल्ली तू ठेव."

दोन्ही किल्ल्या खिशात घालून कुलूप नव्या अळ्या आणायला ओढ्यांवर निघून गेला. मागे गवत्या घरी येऊन वहिनीला विचारून गेला, "किल्ली ठेवलीय का हो? टिपकागद रोज बदलावे लागतात." ती बिचारी काय देणार?

कुलूप परतला, दार उघडलं, तर खोलीत बुरशीचा वास कोंडलेला. गवत्याच्या गवतांवर काळी लव चढली होती. त्याने तिकडे दुर्लक्ष केलं आणि बऱ्याच दिवसांनी परातीत नीट वाकून पाहिलं. तळाशी एक अळी सरपटत होती. तिच्या घराला पाल्याऐवजी कागदाचे कपटे, आणि एका कपट्यावर पेन्सिलीचं अक्षर. भिंगाखाली धरलं तर त्याचंच अक्षर होतं. पाला यानेच उपसला होता, कागद यानेच आत सोडला होता. घरासाठी अळ्यांनी मिळेल ते कातरलं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परात तशीच उचलून तो गवत्याकडे गेला. गवत्याने अळी बघितली, बराच वेळ बघितली.

"सुंदर बांधलंय," तो म्हणाला.

कुलूपने खिशातली किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. "घे. चूक माझीच झाली."

गवत्याने ती उचलली नाही. "राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला. "आत आता माझं काही उरलं नाही."