आईची अकरा वाक्यं

त्या सकाळी आमच्याकडे नेहमीचाच गोंधळ होता. दूध वर यायच्या बेतात, मोठीची एक वेणी घालून झालेली आणि दुसरी माझ्या हातात, धाकट्याचा एक मोजा बेपत्ता, आणि न्हाणीघरातून आमच्या ह्यांची आरोळी, ‘‘किनाऱ्यावर कोणी आहे का?’’ याचा अर्थ एवढाच, की टॉवेल विसरलेत. यांच्या वयाचे निम्मे लोक टॉवेल याच शब्दांत मागत असतील. लहानपणी सगळ्यांनी पाहिलेला तो एक चित्रपट होता. आई वारलेली राजकन्या, सावत्र आईने तिला काचेच्या बेटावर नेऊन ठेवलेली, आणि रोज संध्याकाळी ती समुद्राकडे तोंड करून हीच हाक मारायची. शेवटी राजपुत्र नाव वल्हवत यायचा. चित्रपट परदेशी, पण बोलायचा आपल्या भाषेत.

मी टॉवेल दाराच्या फटीतून आत ढकलला आणि दार वाजलं. आमचं नव्हे, समोरचं. एकदा, दोनदा, मग बराच वेळ. मला ठाऊक होतं की ते उघडणार नाही.

समोर लिफ्टकाकू राहतात. हे नाव जिन्यावरच्या मुलांनी ठेवलेलं. चौकातल्या मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये ‘तिसरा मजला, दार उघडत आहे’ असं जी बाई सांगते तिचा आवाज काकूंचा. काकूंना हे नाव आवडतं. म्हणतात, आजवर केलेल्या कामांत हीच एक बाई अशी, जिचं सगळे निमूट ऐकतात.

काकूंचा धंदाच आवाजाचा. परदेशी चित्रपटातली माणसं आपल्या भाषेत बोलतात ती यांच्यासारख्यांच्या गळ्यातून. एकोणिसाव्या वर्षी त्या मैत्रिणीला सोबत म्हणून स्टुडिओत गेल्या. मैत्रिणीचा घसा ऐन वेळी बसला, आणि कोणीतरी म्हणालं, ही सोबतची मुलगी वाचून बघेल का. काचेच्या बेटावरून हाक मारणारी ती राजकन्या म्हणजे आमच्या लिफ्टकाकू. चित्रपटाच्या अखेरीस यांचं नाव नव्हतं. आवाजाला नाव द्यायची तेव्हा पद्धत नव्हती. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, आणि काम चालूच राहिलं. कार्टूनमधल्या खारी झाल्या, परिचारिका झाल्या, नायकांच्या आया झाल्या. काका गेले त्याला आठ वर्षं झाली. मुलगी लांब असते, रविवारी फोन करते. मला एकदा म्हणाल्या होत्या, ‘‘पन्नाशीनंतर बाईला दोनच जागा रिकाम्या असतात गं. चेटकीण, नाहीतर खोकणारी आजी. मी खोकते बरी.’’

त्यांचा एक नेम आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी झोपेतून उठल्यापासून माइकसमोर उभं राहीपर्यंत शब्द काढायचा नाही. घसा ताजा राहतो म्हणतात. त्यासाठी लेकीची शाळेतली पाटी दाराशी टांगलेली असते. नवा रखवालदार सहा महिने त्यांना मुकी समजत होता. खाणाखुणा करून बोलायचा, वर मोठ्याने बोलायचा. एके दिवशी पाण्याच्या पंपावरून काकूंनी त्याला झाडलं, तेव्हा तो स्टुलावर जो बसला तो दहा मिनिटं उठला नाही.

तर तो दिवस रेकॉर्डिंगचा होता. समोरचं दार उघडेना म्हणून आमचं वाजलं. बाहेर एक बाई आणि एक उंच, वाकलेले गृहस्थ. बाईंच्या हातात फाइल. दोघं कुठल्याशा पालक मंडळाकडून आलेले. समोरच्या बाई कुठे गेल्यात का, हे त्यांना विचारायचं होतं. मी काही बोलायच्या आत काकूंनीच दार उघडलं. आवाजाने कंटाळल्या असाव्यात. गळ्याभोवती रुमाल, हातात पाटी. मी पुढे होऊन सांगितलं की आज यांना बोलायचं नाही, जे असेल ते मला सांगा. आणि मोठीला एका वेणीवर तशीच सोडून मी काकूंच्या घरात गेले.

काम काय ते मला अर्धं ठाऊकच होतं. तो जुना चित्रपट आता नव्याने येतोय. त्याची झलक मोबाईलवर आली आणि लोकांचं डोकं फिरलं. नव्यात राजकन्येची आई मरत नाही. तीच नाव बांधते, तीच वल्हवते आणि लेकीला घरी आणते. राजपुत्र आहे, पण त्याच्याकडे दीपस्तंभाची बत्ती सांभाळण्याचं काम. आमच्या ह्यांच्या कचेरीतसुद्धा यावरून दोन माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती. आमचं बालपण नासवलं, असं जो तो लिहीत होता.

बाईंनी फाइल उघडली. वर निषेधाचा मजकूर, खाली सह्यांची रांग, आणि पहिली जागा मुद्दाम कोरी ठेवलेली. ती काकूंसाठी. बाई म्हणाल्या, मूळ राजकन्याच आमच्या बाजूने आहे हे सगळ्यांनी ऐकलंय, आता फक्त सही हवी. आणि त्यांनी मोबाईलवर ते ऐकवलं. दहा दिवसांपूर्वी कोणीतरी काकूंना फोन केला होता. पलीकडचा माणूस तावातावाने सांगतोय, हा आमच्या लहानपणाचा खून आहे, आणि मग काकूंचा शांत आवाज, ‘‘हो, बरोबर आहे.’’

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

बाहेरच्याला हे कळणार नाही, मला कळलं. चाळीस वर्षं काकू एका बंद खोलीत कानाला हेडफोन लावून उभ्या राहिल्यात. काचेपलीकडून कोणीतरी सांगतं, जरा हळू, जरा हसून, आता रडून, आणि त्या म्हणतात, हो, बरोबर आहे. मग पुन्हा पहिल्यापासून. कानात आवाज आला की त्यांच्या तोंडून हे आपोआप येतं. भाजीवाल्याने फोनवर भाव सांगितला तरी हेच. त्यात होकार नसतो. पुढचं बोला, एवढाच अर्थ असतो.

बाई पेन पुढे करून उभ्या होत्या. त्यांना न सांगता येण्यासारखी एक गोष्ट मला माहीत होती. नव्या चित्रपटातल्या त्या जिवंत आईचा आवाज काकूंचाच आहे. आजचं रेकॉर्डिंग त्याचंच. चित्रपट येईपर्यंत बोलायचं नाही असं लेखी दिलेलं, म्हणून हे फक्त मला माहीत. चार वर्षांनी मिळालेलं बोलतं काम. अकरा वाक्यं. त्यांनी ती मला वाचून दाखवली होती, एकातही खोकला नाही.

मी बाईंना म्हटलं की काकू सही करणार नाहीत. बाईंचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे तुम्हाला पटलं ते? आईलाच जिवंत ठेवायचं तर मग गोष्टीत उरलं काय?’’ त्या काकूंना उद्देशून म्हणाल्या.

सोबतचे ते गृहस्थ तेव्हा बोलले. चित्रकला शिक्षक. सही राहू दे म्हणाले. मग काकूंच्या पायांकडे बघत, अगदी सावकाश, ‘‘माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वर्गात सगळ्यांना आई होती. पडद्यावर एकच मुलगी होती जिला नव्हती, आणि ती घाबरत नव्हती. मी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला. आता त्यांनी तिलाही आई दिली. देऊ दे. पण मग माझ्यासारख्याने कोणाकडे बघायचं?’’

मोबाईलवर भांडणाऱ्या शंभर लोकांना मी मनातून हसले होते, या एका माणसाला हसता येईना. त्यांनी विचारलं, ती हाक एकदा ऐकायला मिळेल का. काकूंनी पाटीवर लिहिलं, ‘ती मुलगी आता माझ्यात नाही हो.’ गृहस्थांनी ते वाचलं, मान हलवली आणि बाईंना घेऊन गेले. जिन्यातून बाईंचा आवाज येत होता, एवढा काय मोठेपणा असतो एकेकाला.

तेवढ्यात काकूंच्या फोनवर निरोप आला. रेकॉर्डिस्टचा. दोघांची वीस वर्षांची ओळख. लिहिलं होतं, ते ‘बरोबर आहे’ कंपनीतल्या वरच्या लोकांनीही ऐकलंय, आज जरा जपून, आईचं काम दुसऱ्या कोणाला द्यायचं घाटतंय. काकूंनी तो मला दाखवला, पाटी पुसली आणि लिहिलं, ‘येशील?’

मुलांना ह्यांच्या गळ्यात टाकून मी गेले. त्या दिवशी शाळेत मोठी एका वेणीने आणि धाकटा एका मोज्याने गेला, हे मला संध्याकाळी कळलं.

स्टुडिओ म्हणजे एका गोदामवजा इमारतीच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बटणांचं मोठं टेबल, मधे जाड काच, काचेपलीकडे चटई ठोकलेल्या भिंतींची छोटी खोली, तीत माइक आणि कागद ठेवायचा स्टँड. रेकॉर्डिस्ट आमच्याकडे बघून नुसतं हसला. आपल्या भाषेतल्या आवृत्तीचा दिग्दर्शक पोरसवदा, डोळे सुजलेले. गेले तीन आठवडे त्याला रोज शिव्या येत होत्या, त्याच्या आईला कोणीतरी फोन करून विचारलं होतं, मुलाला हेच शिकवलंत का. मला त्याचाही राग येईना.

तो काकूंना आजी म्हणाला आणि सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. वरच्यांना लोकांचा राग शांत करायचाय. आईची वाक्यं अकरावरून चारवर आणायची. आवाज बदलायची गरज नाही, उलट काकूंचाच हवा, फक्त त्यांनी आज आणखी एक वाक्य द्यायचं. जाहिरातीसाठी. जुन्या राजकन्येच्या आवाजात, ‘किनाऱ्यावर कोणी आहे का? मी परत आले आहे.’ मूळ राजकन्याच नव्यात आहे म्हटल्यावर बोलणार कोण?

काकूंनी मान हलवली. म्हणजे पुढचं बोला.

काचेपलीकडे गेल्या. रुमाल सोडला, चष्मा लावला, कोमट पाण्याचा घोट घेतला. आधी आईची चार वाक्यं. सकाळपासूनचा पहिला शब्द मी काचेतून ऐकला. आईचा आवाज खालचा होता, कडेला थोडा चिरलेला, घाई नसलेला. ‘नाव गळकी आहे, पण मी भोकं बुजवलीयत. बस.’ रेकॉर्डिस्टने एकदाही थांबवलं नाही. चारही पहिल्या खेपेत.

मग राजकन्या. दिग्दर्शकाने जुन्या चित्रपटातली हाक त्यांच्या कानात सोडली. बाहेरही वाजली. मी ती हजारदा ऐकलीय, न्हाणीघरातून तर रोज. पण ती मारणाऱ्या बाईसमोर उभं राहून ऐकली नव्हती. काकूंनी प्रयत्न केला. आवाज वर चढला आणि अर्ध्यात फाटला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांना खरोखरचा खोकला आला.

दिग्दर्शक म्हणाला, हरकत नाही, मशीन करेल. रेकॉर्डिस्टने नाइलाजाने दोन बटणं फिरवली. स्पीकरमधून एकोणीस वर्षांची मुलगी बोलली. दिग्दर्शक खुर्चीतून अर्धा उठला. अगदी तीच, तो म्हणत होता, अगदी तीच. मग त्याला आणखी सुचलं. आईची चार वाक्यंही अशीच थोडी वर उचलू. म्हणजे लोकांना वाटेल, राजकन्याच मोठी होऊन आई झालीय, आणि आवाज तसाच राहिलाय. कोणाचंच मन दुखणार नाही. त्याने काकूंना विचारलं, कल्पना चांगली आहे ना?

मला वाटलं, आता येणार ते ठरलेलं उत्तर. रेकॉर्डिस्टलाही वाटलं असावं, त्याचा हात बटणावर गेला होता.

काकूंनी हेडफोन काढून स्टँडवर ठेवला. चष्मा काढला. काचेतून बाहेर पाहिलं, कोणावर रागावल्यासारखं नाही, खूप चालून आल्यावर माणूस बसायला जागा बघतो तसं. माइक चालूच होता, म्हणून हळू बोलल्या तरी आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

‘‘अकराची चार केलीत, माझी तक्रार नाही. त्या मुलीला हवं तेवढं वर उचला, ती तुमची. फक्त आईला मशीनमध्ये घालू नका. चारच वाक्यं आहेत, ती बासष्ट वर्षांच्या बाईच्या आवाजात राहू द्या.’’