विमानासाठी मोडलेले बांध

माघ सरत आला की मीना नदीच्या काठावर एक वास दरवळू लागतो. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, आंब्याचा कोवळा मोहोर आणि कापून पडलेल्या ज्वारीच्या ताटांची उन्हात तापलेली गोडी, असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. सासरी नांदणाऱ्या लेकींना त्या वासाने माहेर आठवत असेल. मला मात्र राग आठवतो, आणि तो इतक्या वर्षांनीही शिळा झालेला नाही.

वारूळवाडीच्या शिवारातलं नदीकडचं रान वडिलांनी मला चोळीबांगडीसाठी दिलं होतं. लेकीला भावाच्या तोंडाकडे बघत दिवस काढावे लागू नयेत म्हणून बापाने चार माणसांदेखत, नुसत्या शब्दावर द्यायची ही जमीन. तिचा कागद होत नाही आणि तिच्याकडे कुणी वाकडी नजरही करत नाही. कपाळ पांढरं होऊन मी परतले त्याच वर्षी वडिलांनी ती दिली. हातातल्या बांगड्या फुटल्यावर चोळीबांगडी मिळावी, यातला क्रूर विनोद तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. माझ्या आला होता. पण त्या रानाचे बांध वडिलांनी स्वतः घातलेले होते, बांधांवर मी लावलेली तूर वाऱ्यावर सळसळायची, आणि तेवढ्या सळसळीवर माझा दिवस निघून जायचा.

वडील गेल्यानंतरच्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ, दादा, गूळ विकायला मुंबईला गेला आणि तिथल्या मैदानावर लाकडा-कापडाचं एक यंत्र माणसाला घेऊन आभाळात चढताना पाहून आला. आला तो निराळाच होऊन. जेवताना त्याचा घास हातात राही आणि डोळे आढ्याच्याही पलीकडे कुठेतरी लागलेले असत. दोन माणसांचं हलकं विमान मुंबईच्या एका दलालाकडे विकाऊ आहे, ते आपण घ्यायचं, हे त्याच्या मनाने घेतलं. मग ओसरीवर रोज त्याच विषयाचं दळण सुरू झालं. वडिलांचे जुने स्नेही कादरभाई जुन्नरला कागद बनवणारे कागदी. बाजाराच्या दिवशी हातकागदाचे गठ्ठे घेऊन नारायणगावला आले की आमच्याकडेच टेकत. दादा त्यांना पटवू लागला. आमराई आणि गुऱ्हाळ विकायला काढलं तर किंमत उभी राहील; यंत्राचं तेल मुंबईहून रेल्वेने पुण्याला आणि तिथून खेडवरून बैलगाडीने येईल; न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पुण्यात असेल. कादरभाईंनी शांतपणे विचारलं, की गुळाच्या ढेपा त्यात किती मावतील. एकही नाही, हे दादाला कबूल करावं लागलं. पंखांचं कापड फाटलं तर शिवणार कोण, आषाढातला घाटावरचा वारा त्याला सोसेल का, गोठ्याच्या दारातून ते आत जाईल का, अशी सगळी तोलामापाची बोलणी मी माजघराच्या दाराआडून ऐकत होते. शेवटी बोलणं विमान उतरायच्या जागेवर आलं. सलग सपाट होऊ शकेल असं एकच रान होतं, नदीकडचं.

"रान कुणाचं म्हनायचं ते?" कादरभाईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. वडिलांनी शब्द दिला तेव्हा त्या चार माणसांत तेही बसले होते.

"घरचंच हाय की," दादा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी केणी आली. बैलांमागे ओढली जाणारी ती लाकडी फळी वडिलांचे बांध खरवडत गेली आणि तुरीची वाळली खोडं मातीत गाडली गेली. मी रानाच्या कडेला उभी होते. मला कुणी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. बाजूला पडलेल्या नांगराला विचारतात तेवढंही मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना, याचाही मला संताप येत होता.

विमान मात्र आलंच नाही. दादा विसार घेऊन मुंबईला गेला आणि आपल्या बाजारातल्या रीतीप्रमाणे दलालाला म्हणाला, की विसार ठेवून घे, विमान आमच्या रानात चार दिवस चालवून बघतो, पसंत पडलं तर ठेवू, नाहीतर परत धाडू. दलाल खो खो हसला म्हणे. दादा अपमान गिळून परतला. आम्ही बैलसुद्धा नांगराला जुंपून पाहिल्याशिवाय घेत नाही, असं तो ज्याला त्याला सांगू लागला, आणि गावाने त्याच्या शहाणपणाची वाहवा केली. ती वाहवा ऐकून माझ्या अंगाची आग झाली. दिवेलागणीला तो ओसरीवर बसला होता, तिथे मी पहिल्यांदा दाराबाहेर येऊन बोलले.

"दादा, इमान जुंपून बघितल्याबगार घेतलं न्हाईस, बरं केलंस. माझं रान मातुर इचारल्याबगार घेतलंस."

 तो म्हणाला, "बाय, पयल्यांदा तुलाच बसवायचं व्हतं माज्या मनात."

हेही त्याने मला विचारलं नव्हतं. माझ्या रानासारखं माझं उडणंही त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. चीड आली, आणि त्याच क्षणी छातीत काहीतरी भुर्रकन उठलं, त्याची तर त्याहून अधिक आली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी मी रानात गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही बांध नव्हता, दहिवराने माती काळीभोर दिसत होती. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी पदर खोचला आणि नदीपर्यंत धावत सुटले. लहानपणानंतर अशी मी धावले नव्हते. धाप लागून थांबले तेव्हा वर एक घार पंख न हलवता फिरत होती.

दादाने मुकाट्याने माणसं लावली आणि बांध पुन्हा घालून दिले. मधला बांध मी घालू दिला नाही. का, असं त्याने विचारलं. यावेळी विचारलं खरं. मी नुसतं नदीकडे बोट दाखवलं, आणि धावण्याएवढी ती पट्टी पुढे कितीतरी वर्षं तशीच मोकळी राहिली.