गाळाची भिंत

बाहत्तरच्या दुष्काळाच्या गप्पा निघाल्या की मी काही तरी निमित्त काढून उठतो. लोकांना वाटतं, याने फार सोसलं असणार. सोसलं काही नाही. त्या साली माझं नुसतं डोकं तापलेलं होतं, आणि आठवण निघाली की ते अजूनही तापतं.

केडगावच्या पुढे पुणे रस्त्याला तेव्हा एक लहानशी कागद गिरणी होती. रद्दी आणि गव्हाचं काड शिजवून जाड पुठ्ठा करायचे. मी तिथे केमिस्ट होतो. केमिस्ट म्हणजे सकाळी कॉस्टिक मोजायचं, दुपारी मालकांची बोलणी खायची आणि संध्याकाळी अंगाचा वास जाईपर्यंत साबण घासायचा. गिरणीतून निघणारा राखाडी गाळ मागच्या खड्ड्यात सोडत. खड्डा भरला की शेजारी दुसरा खणत. या कारभाराची कोणालाच लाज वाटत नव्हती, याचा मला संताप यायचा.

एकदा त्या गाळात कोणी तरी फावडं विसरलं. चार दिवसांनी दोन माणसं ओढत होती तरी ते निघेना. मी वाळलेलं एक ढेकूळ फोडून पाहिलं. कागदाचे बारीक तंतू, चुना, खळ, सगळं एकमेकांना घट्ट धरून बसलं होतं. लाकडाच्या भुशाचे बोर्ड बनवायला जे रेझिन लागतं ते मुंबईहून पिंपांतून यायचं आणि भारी महाग पडायचं. मी म्हटलं, निम्मं रेझिन वगळू आणि त्याच्या जागी हा फुकटचा गाळ घालू. जवळच्या लाकडाच्या वखारीत भुसा हवा तेवढा पडलेला होता.

झालं, लागलो नादाला. बुकबाइंडरकडून एक मोडका स्क्रू प्रेस आणला, लोखंडी पत्रे शेगडीवर तापवले आणि सुट्टीचे दिवस त्यात घातले. पहिले बोर्ड पापडासारखे मोडले. पुढचे वाकले. एकाला असा वास सुटला की शेजारच्या खात्यातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. फोरमन म्हणायचा, यापेक्षा गोवऱ्या थापा, जळतात तरी. तो गंमत करत होता, पण मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

मग पाऊस गेला. विहिरीला पाणी नाही म्हणून गिरणी आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागली. सगळे हवालदिल, आणि माझं मात्र चांगलं चाललं होतं. गाळ उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळायचा. सांगायला संकोच वाटतो, पण दुष्काळ मला मानवला. एकदम आठ बोर्ड असे जमले की त्यांच्यावर उभं राहिलं तरी हूं की चूं करत नव्हते.

मालकांनी ते उलटून पालटून पाहिले. म्हणाले, वर्षभर कुठे तरी लावून दाखवा. टिकले तर पुण्याच्या फर्निचर कारखान्यातल्या साहेबांना आणतो. त्यांनी पसंत केले तर मोठा प्रेस घेऊ. नाही तर हा नाद बंद, आणि मुकाट्याने कॉस्टिक मोजायचं. मी कबूल झालो. एक गोष्ट मात्र मला तेव्हाच माहीत होती. बोर्डाचा एक तुकडा मी बादलीत टाकून पाहिला होता आणि सकाळी त्याचा लगदा झाला होता. मालकांनी पाण्याचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, घरातल्या भिंतीला पाणी लागतंय कशाला?

काष्टीजवळच्या एका वस्तीवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी बालवाडी होती. एकच खोली. एका कोपऱ्यात चूल, तिच्यावर मुलांची सुकडी शिजायची, आणि मुलं सारखी चुलीकडे धावायची. बालवाडी चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, एकट्या, बोलायला मऊ. मी आडोसा करून देतो म्हणालो तर त्यांना कोण आनंद झाला. बाभळीची चौकट ठोकून आठही बोर्ड मी स्वतः बसवले.

त्यानंतर दर महिन्याला एसटीने जायचो. ठोकून बघायचो, फटी तपासायचो, वाळवी शोधायचो आणि वहीत लिहायचो, बदल नाही. बाई दर खेपेला तेच बोलायच्या. जमिनीला पोपडे आलेत, भिंतीला वर्षभर शेणाचा हात नाही, टँकर एक दिवसाआड येतो, घरटी दोन हंडे, सारवायचं कशानं. मी हूं हूं करायचो. माझं लक्ष एसटीकडे. ती चुकली की काष्टीपर्यंत पायपीट, आणि बाईंचं सारवण काही संपायचं नाही. मनात म्हणायचो, बाई, तुमच्या मातीच्या भिंती घाला चुलीत, माझ्या भिंतीबद्दल बोला.

वर्ष भरलं. वहीभर 'बदल नाही'. पाहुणे गुरुवारी येणार असं मी बाईंना कार्ड टाकून कळवलं.

जीपमध्ये पुढे मालक आणि पुण्याचे साहेब, मागे मी. वाटेत मी त्यांना गाळाचे गुण इतके सांगितले की साहेबांनी शेवटी डोळे मिटून घेतले. वस्तीवर उतरलो तर ओल्या शेणाचा वास आला. त्या वर्षी तो वास इतका अनोळखी झाला होता की मला आधी काही कळलंच नाही.

आत गेलो. बाईंनी माझी भिंत सारवली होती. वरपासून खालपर्यंत, दोन हात देऊन, कडेला चुन्याची बोटं ओढून. आणि भिंतीचं पोट सुटलं होतं. खिळे बाहेर आले होते, खालची कड चहात बुडवलेल्या पावासारखी झाली होती. साहेबांनी अंगठा टेकवला. अंगठा आत गेला. त्यांनी तो रुमालाला पुसला आणि ते जीपकडे निघाले. मालक माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "उद्यापासून कॉस्टिक." मग तेही गेले.

मी बाईंवर तुटून पडलो. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? वर्षभर हात लावला नाहीत आणि आजच अवदसा आठवली? माझ्या दोन वर्षांची माती केलीत. बाई भिंतीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही.

मग त्या हळूच म्हणाल्या, "पाव्हनं येनार, तुमच्या भिताडाला उघडं कसं ठिवायचं, सायेब? छावनीतनं शेन आनलं. पन ही लई पेली. जेवडं घातलं तेवडं पेली. दोनी हंडे हिलाच घातले, तरी कमीच पडलं बगा, म्हनून आशी फुगली."

पदराला हात पुसत त्या पुढे म्हणाल्या, "उद्या टँकर हाय. माज्या वाटनीचं समदं घालते, दाट सारवते. तुमी तेवडं त्या सायबांला परवा परत आना."

कोपऱ्यात त्यांचे दोन्ही हंडे पालथे घातलेले होते. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, पाण्यानंच भिंत गेली, आणि ती जाणार हे मला वर्षापूर्वीच ठाऊक होतं, एवढं सांगायला काय लागत होतं? माझ्याच्यानं झालं नाही. मी "नको" म्हणालो आणि जीपमध्ये जाऊन बसलो.