दत्ताभाऊ शाफ्ट काढतात तेव्हा

मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार कमी आणि किस्से जास्त साठतात. आमच्या कामशेतच्या दुकानात तर बसायला जागा नाही, एवढे! वाइंडिंग मी करतो. पण अडकलेला शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरता दांडा, काढावा तो दत्ताभाऊंनीच. माझे भागीदार म्हणून सांगत नाही, माणूस खरंच जादूगार आहे!

*

भाऊंचा नियम एकच. शाफ्टवर हातोडा नाही. लोणावळ्याचे एक हॉटेलवाले शेठ मिक्सरची मोटर घेऊन आले. शाफ्ट गंजून बेअरिंगमध्ये घट्ट बसलेला. भाऊंनी तेल सोडलं आणि चहा सांगितला.

शेठ वैतागले. "अहो, एक ठोका द्या, निघेल!"

"शेठ, दाढ दुखली की डॉक्टरला असंच सांगता का?"

शेठनी गुपचूप चहा घेतला. दुसरासुद्धा!

*

वलवणच्या एका आबांची पंपाची मोटर काही केल्या हलेना. भाऊंनी बाहेरचं कव्हर बर्नरने तापवलं आणि गाडीवाल्याकडून लाल आईसकांडी आणली. आबांनी खुशीत हात पुढे केला. भाऊंनी कांडी शाफ्टला लावली! बाहेरचं तापून फुगलं, आतलं गारठून आकसलं, शाफ्ट अलगद हातात.

आबा वितळत्या कांडीकडे बघत म्हणाले, "मोटारीचे लय लाड करतोस. मालकाला बी इचार की!"

*

एकदा भाऊंच्याच बोटात लग्नातली अंगठी अडकली. मी बर्नर पेटवून विचारलं, "बाहेरचं तापवू?"

भाऊ साबण शोधायला पळाले!

*

वडिवळ्याच्या शांतामावशी. नवरा गेल्यापासून शिवणावर घर चालतं. शाळेचे गणवेश अर्धवट पडलेले आणि मशीनची मोटर जाम. दुसऱ्या मेकॅनिकने फेकून द्या म्हणून सांगितलेलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती.

शाफ्ट काढायचा तर आधी पुली काढायला हवी, आणि पुलीचा स्क्रूच दिसेना. दर खंडेनवमीला मावशी नेमक्या तिथेच कुंकू लावायच्या. तेल पिऊन त्याचा थर दगडासारखा झालेला. तो खरवडला की काम झालं. पण भाऊ पेचकस धरून थांबले.

"मावशी, कुंकू हाय. पुसू का?"

मावशी म्हणाल्या, "माजं पुसलं तवा कुनी इचारलं न्हवतं, भाऊ."

माझ्या हातातली तार तशीच राहिली.

भाऊंनी खाली मान घालून थर खरवडला, स्क्रू फिरवला, पुली काढली. शाफ्ट सुटला. सगळं साफ करून मोटर परत जोडली. ती गरगर फिरली तेव्हा मावशी हसल्या. भाऊंनी दुकानातल्या देवापुढची कुंकवाची डबी त्यांच्यासमोर धरली.

"मोटारीला लावू?" मावशींनी विचारलं.

"ते तुमी ठरवा, मावशी."