किलिमांजारोवरची चतुर्थी

विंडसरातल्या कुठल्याही मराठी घरात जा आणि वनिताकाकूंचं नाव काढा. माणसं आधी हसतात, मग खुर्ची सावरून बसतात. बाई मूळची पाटण तालुक्यातल्या डोंगरातली. अंगानं आडवी, जिभेनं सरळ. लग्न होऊन कॅनडात आली आणि अर्धं आयुष्य गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवत राहिली. रिटायर झाल्यावर मंडळातल्या बायका क्रूझवर निघाल्या आणि काकूंनाही चला म्हणाल्या.

"बोटीत बसून खायाचं आन् झोपायचं, ते तर हितं बेसमेंटात बी हुतंय," काकू म्हणाल्या. "मी डोंगर चढणार."

डोंगर कुठला, तर आफ्रिकेतला किलिमांजारो! नवरा दीनानाथ, साचे बनवणाऱ्या टूल शॉपमधला, मोजकं बोलणारा. चहा पिता पिता म्हणाला, "विंडसरात सराव कशावर करणार? ओव्हरपासवर?"

त्याचंही खरं होतं. विंडसर म्हणजे परातीसारखं सपाट. गावात टेकडी म्हणावी अशी एकच, तीही जुन्या कचऱ्याच्या ढिगावर माती लोटून केलेली. काकू वर्षभर त्या टेकडीवर पाठीला तांदळाची पिशवी बांधून चढल्या-उतरल्या. हिवाळ्यात आपल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून झाला की शेजाऱ्याचाही काढायच्या. त्या बिचाऱ्याला वाटलं, बाई पुण्य कमावतेय. तो दर वेळी केक आणून द्यायचा. काकू केक खायच्या आणि सरावाचं बोलायच्या नाहीत.

लेक ईशिता कॅल्गरीला नर्स. आईचा बेत ऐकून ती फोनवर म्हणाली, "फाइन, आई, बट आय अ‍ॅम कमिंग विथ यू." तिच्या ओळखीचे राजन, तेलकंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर, तेही निघाले. अशी तिघं आफ्रिकेत उतरली.

वाटाड्याचं नाव बराका. चाळिशीचा, काटक. तिकडच्या रीतीनं तो वयस्कर बाईला 'मामा' म्हणजे आई म्हणायचा. काकू पहिल्या दिवशी लेकीला म्हणाल्या, "बघ गं, आल्या आल्या मला आईचा भाऊ करून टाकलं." त्याची एक सवय होती. जेवणाच्या तंबूत आला की तो माणसांच्या तोंडाकडं नंतर बघायचा, आधी ताटांकडं. उंचीवर माणूस आजारी पडायला लागला की पहिली भूक मरते. डोकं दुखत असलं तरी माणूस खोटं बोलतो, पण ताटाला खोटं बोलता येत नाही. निघतानाच त्यानं सगळ्यांना इंग्रजीत बजावलं होतं, "जो खात नाही, त्याला मी वर नेत नाही. त्यावर वाद नाही."

काकूंनी मान डोलावली होती. पण चतुर्थी कधी येतेय हे त्यांना विंडसरातनं निघतानाच ठाऊक होतं, आणि त्या बोलल्या नव्हत्या.

ही चतुर्थी त्यांना सासूनं लग्नानंतर घालून दिलेली. सासूची चतुर्थी कडक. साबुदाणा नाही, शेंगदाणा नाही, नुसतं पाणी आणि कोरा चहा. चंद्र दिसला की जेवायचं. काकूंनी ती कारखान्याच्या पाळीत पाळली, ईशिता पोटात असताना पाळली. म्हातारी अजून गावाकडं ठणठणीत होती आणि दर चतुर्थीला कॅनडात फोन लावून विचारायची, "चंद्र बघितलास का?"

नेमका तो दिवस सगळ्यात अवघड चढणीचा निघाला. दिवसभर चढून एका काळ्या सुळक्यापाशी जायचं, अंगाला विरळ हवेची ओळख करून द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा खाली दरीत मुक्कामाला यायचं. सकाळी सगळे लापशी खात होते. काकूंनी आपली वाटी हळूच ओझी वाहणाऱ्या एका पोर्टरच्या पुढ्यात सरकवली. दुपारी डब्यातलं उकडलेलं अंडं जाकिटाच्या एका खिशात घातलं, केळं दुसऱ्या. पाणी मात्र घटाघटा प्यायल्या. सुळक्यापर्यंत काकू धड होत्या. उतरताना कानशिलात कुणीतरी मुसळ घालायला लागलं.

मुक्काम दरीत. पूर्वेला सरळसोट काळ्या दगडाची भिंत, आभाळाला टेकलेली. दुसऱ्या दिवशी तीच चढायची होती. काकूंनी भिंतीकडं बघितलं तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की चंद्र तिच्या मागं उगवणार. तो वर येऊन दिसायला किती वेळ लागेल ते देव जाणे.

तंबूत भात, कोबीची भाजी आणि सूप आलं. काकू ताटातल्या भातात चमचा फिरवत बसल्या. बराका आला. ताट बघितलं. मग खाली बसून त्यानं काकूंच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. आकडा सकाळपेक्षा बराच खाली होता.

"मामा, उद्या तू खाली जाशील," तो इंग्रजीत म्हणाला. "माझा माणूस सोबत देतो."

"नो, नो. आय फाइन, बराका."

"ताट म्हणतंय, फाइन नाहीस."

ईशितानं आईचे हातमोजे काढायला म्हणून जाकिटाच्या खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. बोटं पिवळी झाली होती.

"आई, व्हॉट इज दिस?"

"अंडं."

"आय कॅन सी इट्स अ‍ॅन एग! खिशात का आहे?"

काकूंनी खाली बघितलं. "आज चतुर्थी हाय."

"यू डिडन्ट."

"धरली. दरवेळी धरती तशी."

ईशितानं कपाळ धरलं. नर्स पोरगी, तोंडाला येईल ते इंग्रजीत बोलली, आणि मग बराकाला सगळं समजावून सांगितलं. तो हसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मग खाणार कधी?"

"मून दिसल्यावर," काकू म्हणाल्या.

"इथं चंद्र त्या भिंतीमागून येतो. फार उशिरा. तोवर तू उपाशी राहिलीस तर सकाळी 'वर येऊ का' असं मला विचारायचंही कारण नाही." मग म्हणाला, "मी रोजे धरतो, मामा. डोंगरावर असलो की धरत नाही, खाली गेल्यावर तेवढे दिवस भरून काढतो. माझ्या देवानं प्रवासात तेवढी मुभा दिलीय. तुझ्या देवाचं मला माहीत नाही. मी फक्त ताट बघतो."

राजनना एकदम सुचलं. "काकू, अहो, भारतात आत्ता रात्र झालीय! तुमच्या गावात चंद्र केव्हाच वर आला असेल. सुटला उपास. जेवा!"

"व्हॉट अ ग्रेट आयडिया," ईशिता म्हणाली.

काकूंनी चमचा खाली ठेवला. निवाडा सोयीचा होता, म्हातारीलाही पटला असता कदाचित. पण काकूंनी जन्मात कधी उसवलेली शिवण घडीखाली दडवून पुढं ढकलली नव्हती.

"न्हाई, राजनभाऊ. गावचा चंद्र मी बघितला न्हाई. दुसऱ्याच्या डोळ्यानं बघून उपास सोडायचा आसंल तर धरायचाच कशाला? मोडायचा तर सरळ मोडती." मग हात धुतले, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देवा, मला वर जायचंय. म्हणून मोडती. चूक माझी, दिवस म्हाईत आसून बी निघाले."

आणि जेवल्या. भात गार झाला होता, भाजीत मीठ नव्हतं, पहिला घास पाण्याबरोबर गिळला. दुसरा गेला. मग ताट पुसून घेतलं आणि पुन्हा पुढं केलं. खिशातलं चेंगरलेलं अंडंसुद्धा टरफलं वेचून खाल्लं. बराका उभा राहून बघत होता. दुसरं ताट रिकामं झाल्यावर म्हणाला, "सकाळी बघू." बाकी काही कबूल केलं नाही.

काकूंना झोप लागली नाही. उपास मोडल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि मोडूनही खाली जावं लागलं तर दोन्हीकडून गेलं, याचं जास्त वाटत होतं.

सकाळी लापशीच्या दोन वाट्या झाल्या. बराकानं वाट्या बघितल्या, मग बोटाला चिमटा लावला. आकडा वर आला होता. त्यानं तो दुसऱ्या बोटालाही लावून बघितला.

"चल, मामा."

त्या भिंतीवर काठ्या कामाला येत नाहीत, हातापायांनी चढावं लागतं. काकू कड्याला अशा भिडल्या की राजनना खालून त्यांचे बूट तेवढे दिसत होते. "काकू, दमानं!" ते ओरडले.

"दम हाय म्हणून तर चढती!"

पुढं दोन मुक्कामांनंतर मध्यरात्री शेवटचा चढ सुरू झाला. काकू रांगेत सगळ्यात मागं होत्या, बराका त्यांच्या पुढं. चार पावलं टाकायची, थांबायचं, श्वास गोळा करायचा. थंडी कॅनडाचीच, पण हवा अर्धीच वाट्याला आलेली. दोनदा ओकाऱ्या झाल्या. दोन्ही वेळा बराकानं मागं वळून बघितलं, आणि दोन्ही वेळा काकूंनी तोंड पुसून त्याच्याकडं बिस्किटासाठी हात पुढं केला. त्यानंतर त्यानं वळून बघितलंच नाही.

माथ्यावर पोचल्या तेव्हा ऊन आलं होतं. एका अंगाला बर्फाचे उभे कडे, खाली ढगांचं पांढरं रान. शिखराच्या लाकडी पाटीवर काकूंनी हातमोज्यासकट हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. फोटोसाठी रांग लागली होती, ती लागू दे. ईशिताला रडू फुटलं.

"पूस ते, गोठंल," काकू म्हणाल्या.

बराकानं टोपी काढून सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला. त्याच्या माणसांना काहीतरी त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि पोर्टर लोक 'मामा, मामा' करून ओरडले. काकूंनी मान ताठ ठेवली. आपल्यासाठी ओरडतायत हे कळायला भाषा लागत नव्हती.

फोनला रेंज होती. विंडसरात दीनानाथ जागाच होता.

"पोचले," काकू म्हणाल्या.

"बरं." मग विचारलं, "चतुर्थीचं काय केलंस?"

"मोडली."

दीनानाथ म्हणाला, "आईचा फोन आलता. तुझा लागंना म्हणून मला इचारत हुती, वनितानं चंद्र बघितला का. काय सांगू?"

"मोडली म्हणून सांग. आन् काय बोलायचं आसंल ते बोल म्हणावं. पर हितं वर येऊन."