थोरल्या घराचं आवतण

केशवआप्पांना कुणाच्या घरी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. लग्नाचं आवतण द्यायला आले की उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, हळदीच्या अक्षता घरच्या कर्त्याच्या हातावर ठेवायच्या, "रविवारी लगीन हाय. चूलबंद आवतण हाय," एवढं बोलायचं आणि वळायचं. आई म्हणायची, "आप्पा, घोटभर चहा तरी घ्या." उत्तर ठरलेलं असे, "बसायला येळ न्हाई, माय. पुढची घरं वाट बगून राहिलेत." एकदा आईनं मुद्दाम दारातच पाट मांडून ठेवला. आप्पांनी तो उचलला, नीट भिंतीला टेकवला आणि गेले.

आमच्याकडे चूलबंद आवतण म्हणजे लग्नाच्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. त्या चुलीवर जेवणाऱ्या लहानथोर सगळ्यांनी, पाहुण्यांनी आणि गड्यांनीसुद्धा, लग्नघरी जेवायला यायचं. आप्पा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. शेती करायचे, पण भावकीत त्यांचं खरं काम या आवतणाचं होतं. आता ते नाहीत आणि हे काम माझ्या गळ्यात पडलंय. किती थकवणारं आहे ते मला आता कळतंय.

थकवा चालण्याचा नव्हे, क्रमाचा. कुठलं घर आधी, कुठलं नंतर, हे सगळं आप्पांच्या तोंडी असलेल्या वंशावळीवर ठरे. तिची सुरुवात राणोजीपासून. निजामाच्या अमलात कधीतरी दुष्काळाला कंटाळून हा शेतकरी देगलूरकडून तेरणेच्या काठी आला. त्याचा एक बैल वाटेत मेला होता, म्हणून त्यानं नांगराला दुसऱ्या बैलाच्या जोडीला गाय जुंपली. "गाईच्या पाया पडून पयलं तास काडलं त्यानं," आप्पा असं सांगत की जणू बांधावर उभे राहून पाहिलंय. मी एकदा चिडून विचारलं, "आप्पा, तुम्ही होता का तिथं?"

"न्हवतो. पर तू बी न्हवतास. मग गप माजं ऐक."

राणोजीला तीन मुलगे, त्यांची तीन घरं: थोरलं, मधलं आणि धाकटं. पहिल्या अक्षता थोरल्या घराला, मग मधल्याला, शेवटी धाकट्याला. यात चूक झाली की माणसं भरल्या पंगतीतून उठून जात. आम्ही आणि आप्पा धाकट्या घरचे. "धाकट्यानं पायावर ऱ्हायचं, थोरल्यानं बसून घ्यायचं," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. नावं सांगायला लागले की पिढ्यामागून पिढ्या येत, सगळे पुरुष. बायका कुठं आहेत विचारलं तर म्हणत, "लेकी दुसऱ्याच्या वेलावर जातेत, बाबा. त्यांची मोजणी तिकडं."

मग भूकंप झाला. गणपती बोळवून गाव झोपलं होतं ते दगडमातीच्या भिंतींखाली गेलं. थोरल्या घरचे विठ्ठलकाका, काकू, मुलगे, सुना, पाळण्यातलं पोर, कुणीच उरलं नाही. राहिली एकटी मुलगी सुलोचना, ती रेणापूरला सासरी होती म्हणून. आप्पांच्या घरचे सगळे वाचले, पण त्याचा आनंद मला त्यांच्या तोंडावर कधी दिसला नाही. विठ्ठलकाकांचं नाव निघालं की ते उठून गोठ्याकडे जात.

पत्र्याच्या शेडमध्ये राहत असतानाच भावकीत पहिलं लग्न निघालं. मधल्या घरचे किसनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "केशव, आता थोरले आमीच. पयल्या अक्षता हिकडं दे." हिशोबानं त्यांचं बरोबर होतं. आप्पांनी मुठीत अक्षता घेतल्या. ते चालत जुन्या गावात गेले, ढिगाऱ्यात विठ्ठलकाकांचा उंबरा असेल तिथं उभे राहिले, दगडावर अक्षता ठेवून परत आले. इकडे सगळी भावकी ताटकळलेली.

किसनराव संतापले. "जिथं चूलच न्हाई, तिथं काय बंद करून आलास?"

"किसनराव, तुमाला थोरलं म्हनलं की ते घर वेलातून गेलं," आप्पा म्हणाले. "जमिनीनं एकदा नेलं, आता मी माज्या तोंडानं नेऊ का?"

त्यानंतर प्रत्येक लग्नाला हेच. सरकारनं नवं गाव बसवलं, सरळ रेघांत. प्लॉट मिळाले तशी घरं लागली आणि तिन्ही घरांची माणसं इकडे तिकडे विखुरली. आप्पा मात्र जुन्या क्रमानंच आवतण देत. म्हणजे आधी जुनं गाव, मग नव्या गावाचं हे टोक, मग ते टोक, मग पुन्हा हेच टोक. लोक हसत. मलाही हसू येई, आणि रागही.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. पोराला डॉक्टर करायचं म्हणून निम्मी भावकी शेती वाट्यानं देऊन लातुरात भाड्यानं राहायला आली. मीही एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. संध्याकाळी घशातून आवाज निघत नसे. आप्पा एसटीनं येत, अक्षतांची पिशवी सांभाळत माझ्यासोबत जिने चढत. एका घरी प्रश्नसंच सोडवत बसलेल्या पोराला त्यांनी विचारलं, "कोनत्या घरचा रं तू?" पोरगं मान वर न करता म्हणालं, "तिसऱ्या मजल्यावरचा." खाली उतरल्यावर आप्पा बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. "दत्ता, आपला वेल जिन्यानं वर चडून राहिलाय. माजे गुडगे काई त्याच्यामागं जायनात."

सुलोचनाही तोवर लातुरात आली होती. क्लासेसच्या गल्लीत तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मेस काढली. उमरी, देगलूर, कुठकुठची पोरं तिच्याकडे जेवायची. भावकीतलं लग्न असलं की आप्पा तिला आणायला मुराळी पाठवत, साडी नेसवत. माहेरवाशिणीचं सगळं रीतीनं होई. एकदा तिनं विचारलंच, "आप्पा, मला आवतण कामून न्हाई वो?"

"तू लेक हाईस, सुले. लेकीला मुराळी असतो. आवतण घराला असतंय."

ती हसली आणि आत गेली. आप्पा मात्र उठून गोठ्याकडे गेले.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आप्पांच्यानं चालवत नव्हतं. मी त्यांना गाडीनं जुन्या गावात नेलं. सगळीकडे वेडी बाभूळ माजलेली. काठीनं काटे सारत ते पुढे गेले, थांबले, परत फिरले. उंबरा सापडेना. मुठीत अक्षता घेऊन "विठ्ठला..." म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

"दमलो रं, दत्ता. कोनाला देऊन राहिलो मी हे? बाभळीला?"

मीही दमलो होतो. म्हणालो, "आप्पा, द्या आता किसनकाकांना. पुष्कळ केलंत." त्यांनी मूठ घट्ट केली आणि गाडीत येऊन बसले. लातूर येईपर्यंत ती मूठ तशीच मिटलेली. शहर लागल्यावर म्हणाले, "सुलीच्या मेसवर घे."

दुपारची वेळ होती. सुलोचना भाताच्या वाफेत उभी होती. आप्पांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

"आप्पा! मुराळी म्हनून तुमीच आलाव का?"

"मुराळी न्हाई." त्यांनी मूठ उघडली. "थोरल्या घरानं अक्षता घ्याव्या. गुरुवारी दत्ताच्या लेकीचं लगीन हाय. चूलबंद आवतण हाय."

हातातला झारा तिनं ठेवला. वडील जसे बसून अक्षता घेत तशी ती पाटावर बसली, पदर पसरला आणि रडायला लागली. मलाही रडू आवरलं नाही, उगाच का खोटं सांगू. डोळे पुसून ती म्हणाली, "पर आप्पा, माज्या चुलीवर ही एवडी पोरं जेवतेत. त्यांना उपाशी ठिवू का?"

"त्या चुलीवर जेवतेत ती त्या घरची. समदी आनायची," आप्पा म्हणाले. मला आधी आचारी आठवला.

गुरुवारी मेसला कुलूप लागलं आणि पोरांची फौज मांडवात आली. कुणाच्या पाठीवर दप्तर, कुणाच्या हातात नोट्स. किसनराव खेकसले, "केशव, ही कोनाची पोरं?"

"थोरल्या घरची."

किसनराव पोरांकडे पाहत राहिले, मग सुलोचनाकडे. शेवटी त्यांनी आपली खुर्ची मागं ओढून पंगतीला वाट करून दिली.

आप्पा बुंदीची परात घेऊन उभेच होते. सुलोचना त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आप्पा, थोरल्या घराचं धाकट्यानं ऐकायचं असतंय ना?"

"हाव. ऐकावंच लागतंय."

"मग बसा."

तिनं परात काढून घेतली. आप्पा माझ्या खांद्याला धरून हळूहळू खाली टेकले, पंगतीत, एका पोराच्या शेजारी. त्या पोरानं आपला पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. पाणी पिऊन झाल्यावर आप्पांनी त्याला विचारलं, "कोनत्या घरचा रं तू?"

पोराच्या तोंडात घास होता. त्यानं सुलोचनाकडे बोट दाखवलं.