हार घातलेले प्लेअर

मी पोचले तेव्हा गाणी वाजवायच्या, डीजेच्या दोन्ही प्लेअरना झेंडूचे हार घातलेले होते. साउंड मिक्सरवर हळदकुंकू होतं. शेजारी अण्णांच्या पणजोबांची तलवार, पुढे उदबत्ती. खंडेनवमी होती, आणि ज्या यंत्रांची तक्रार बघायला मला बोलावलं होतं, त्यांनाच हात लावायची बंदी होती.

"उद्या दुपारी पूजा उतरेल, मग खुशाल उघड," अण्णा म्हणाले.

"अण्णा, उद्या संध्याकाळी तर कार्यक्रम आहे."

"म्हणूनच म्हटलं, दुपारी."

अण्णांचा ग्वाल्हेरात शिंदे की छावनीत लग्नाचा हॉल आहे. घराणं एकेकाळी फौजेतलं. आता घरात लढणारं कुणी नाही, पण शस्त्रपूजा चुकत नाही. ज्याच्यावर पोट चालतं ते शस्त्र, असं त्यांचं म्हणणं, त्यामुळे पाटावर तलवारीशेजारी डीजेची मशिनं बसतात. एकदा मांडलं की हलवायचं नाही. माझे वडील आणि अण्णा एका शाळेतले, म्हणून मला अगंतुगं करतात. त्यामुळे मला त्यांच्याशी वादही घालता येत नाही.

माझं काम म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना आणि प्रोग्राम्सना एकमेकांशी बोलायला लावणं. कार्डावर सिस्टिम इंटिग्रेटर लिहिलंय. ग्वाल्हेरात त्याचा अर्थ 'वायरवाली मॅडम' असा होतो. लोकांची ही चूक दुरुस्त करणं मी आता सोडून दिलंय.

तक्रार हर्षदची होती. हर्षद डीजे आहे, तिशीतला, सरळ पोरगा. दसऱ्याला संध्याकाळी अण्णांच्या हॉलवर लष्कर भागातली जुनी मराठी कुटुंबं सोनं वाटायला जमतात आणि मग गाणीबिणी होतात. यंदा त्याला पहिल्यांदाच बोलावलं होतं. जमलं तर पुढच्या लग्नसराईत हॉलचं सगळं काम त्याचं. नाही जमलं तर नाही.

"ताई, सकाळी पूजेच्या आधी लावून बघितलं. लॅपटॉप प्लेअर को देख ही नहीं रहा. मागच्या महिन्यात ट्रायल घेतली तेव्हा मस्त चाललं होतं."

"मध्ये काय झालं?"

उत्तर अण्णांनी दिलं, तेही अभिमानानं. "पूजेआधी शस्त्राला धार लावायची रीत आहे आमची. अष्टमीला दिल्लीहून माणूस बोलावून दोन्ही मशिनं अपडेट करून घेतली. एकदम नवीन!"

घ्या!

सांगते. प्लेअरच्या पोटात एक प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. गाणी मिसळायचं हर्षदच्या लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कंपनीचं. दोघांचं जमायला एक ठरलेली भाषा लागते. प्लेअर अपडेट झाला की भाषा थोडी बदलते, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना ते कळून त्यांनी आपलं सुधारेपर्यंत मधल्या मध्ये आपण लटकतो. मी दोन्हीकडे चौकशी केली. प्लेअरवाले म्हणाले, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, नवीन आवृत्ती लवकरच येतेय. जुनं फर्मवेअर परत टाकता येईल का, तर नाही, तो रस्ता कंपनीनं बंद केलेला. उंटावरून शेळ्या हाकणं यांच्याकडून शिकावं.

"एवढं काय त्यात?" अण्णा म्हणाले. "गाणी पेनड्राइव्हवर घाल आणि थेट मशीनमध्ये खोच. बाकीचे डीजे तसंच करतात."

बरोबर होतं ते. मीही हर्षदकडे वळले आणि म्हटलं, "खरंच, कर की तसं."

त्यानं मला गेटपर्यंत नेलं. चेहरा पडलेला.

"ताई, माझा डावा कान गेलाय. पूर्ण. इतकी वर्षं स्पीकरशेजारी उभं राहून."

डीजे एका कानानं हॉलमधलं गाणं ऐकतो आणि दुसऱ्या कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं त्याच ठेक्यावर आणतो. हर्षदकडे दुसरा कानच नव्हता. तो लॅपटॉपच्या पडद्यावर दोन गाण्यांच्या आवाजाच्या लाटा एकाखाली एक बघून ठेका जुळवायचा. या प्लेअरच्या छोट्या पडद्यावर एकाच गाण्याची लाट दिसते. आपोआप जुळवायचं बटण आहे, पण त्याला गाणी त्याच कंपनीच्या प्रोग्राममधून तयार केलेली लागतात. हर्षदची हजारो गाणी दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये.

"नुसत्या लॅपटॉपवर वाजव."

"माऊसनं? हात चालत नाही तसा. आणि अण्णा म्हणतील, माझी मशिनं शोभेला ठेवलीत का? ताई, त्यांना सांगू नका. आधीच्या हॉलमध्ये मी खरं सांगितलं होतं. दूसरे दिन दूसरा लड़का खड़ा था."

मला त्याचा राग आला, खरं सांगते. असला कान घेऊन पुन्हा त्याच स्पीकरशेजारी उभं राहायचं? पण त्याला दुसरं काही येत नाही आणि मलाही या वयात दुसरं काही येत नाही. घरी आले.

माझा मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हर आमच्याही पाटावर गेले होते. सासूबाई तिथंच बसून होत्या, तेव्हा प्रश्नच मिटला. पण कपाटात एक जुनाट साउंड कार्डाचा डबा होता, आवाज लॅपटॉपच्या आत-बाहेर नेणारा, अडगळ समजून पूजेतून सुटलेला. तो बघितल्यावर टाइमकोड आठवला.

टाइमकोड म्हणजे एक कर्कश सूर. तो लोकांना ऐकवायचा नाही, लॅपटॉपला ऐकवायचा. पेनड्राइव्हवर गाण्याऐवजी हा सूर घालायचा आणि प्लेअरवर लावायचा. डीजेनं प्लेअरवरची चकती फिरवली की सूर कमीजास्त वेगानं वाजतो, लॅपटॉप ते ओळखतो आणि आपल्याकडचं खरं गाणं तसंच हलवतो. प्लेअरला वाटतं, आपण साधी फाइल वाजवतोय. भाषा जमायचा प्रश्नच येत नाही, कारण कुणी कुणाशी बोलतच नाही. जुनी पद्धत आहे. नव्या पोरांना माहीत नसते, कारण त्यांना गरज पडत नाही.

दसऱ्याला जेवण झाल्यावर अण्णांनी अक्षता टाकून पूजा हलवली. मग आम्ही भिडलो. आधी प्लेच्या बटणाखालून झेंडूच्या पाकळ्या काढल्या. मग प्लेअरमधून डबा, डब्यातून लॅपटॉप, लॅपटॉपमधून परत डबा आणि तिथून मिक्सर, अशा वायरी ओढल्या. हर्षदनं प्ले दाबलं.

गाणं उलटं वाजायला लागलं. शेवटाकडून सुरुवातीकडे.

"हे काय भूत उठवलंस, सुनंदा?" अण्णा दारातून ओरडले.

डाव्या-उजव्याच्या पिना उलट लागल्या होत्या. या पद्धतीत तेवढ्यानं गाणं मागे पळतं. लाल-पांढऱ्याची अदलाबदल केली, गाणं सरळ झालं. हर्षदनं चकती फिरवली, पडद्यावर लाट सरकली. दुसरी लाट तिच्याखाली आणून बसवली. मग तो माझ्याकडे बघून नुसता हसला. माझी कंबर तेव्हा इतकी दुखत होती की मला हसणंही जड गेलं.

संध्याकाळी लोक आले. सोनं वाटलं, पाया पडून झालं, मग हर्षदनं सुरू केलं. चांगलं वाजवतो पोरगा. लेझीमचा ठेका एका हिंदी गाण्याखाली असा बसवला की म्हाताऱ्याही उठल्या. मी खुर्चीत बसून डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते. कामावर असले की माझं गाण्याकडे लक्षच नसतं, मला फक्त दिवा दिसतो.

मध्येच अण्णा आप्ट्याचं पान घेऊन हर्षदच्या डाव्या बाजूला उभे राहिले. काहीतरी म्हणाले. हर्षद हलला नाही. पुन्हा म्हणाले. मी उठले, पण माझ्या पायांना वेळ लागतो. तोवर हर्षदला पान दिसलं. तो अण्णांकडे वळला. खोटं सांगता आलं असतं, एवढ्या आवाजात कुणालाही ऐकू येत नाही.

"अण्णा, या कानानं मला ऐकू येत नाही. गाणं बंद असतानाही नाही. इकडून बोला."

अण्णा वळसा घालून उजवीकडे आले. "मग वाजवतोस कसा?"

"बघून."

त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. दोन लाटा एकाखाली एक पळत होत्या. अण्णा वाकून बघायला लागले. मी शेजारी येऊन उभी होते. दुसऱ्याच्या नोकरीसाठी या वयात एवढी काळजी बरी नाही.

"आणि मी मशिनं नवी केली म्हणून हे बंद पडलं होतं?"

"हो."

अण्णांनी सोनं त्याच्या हातात ठेवलं. मग त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन एवढ्या मोठ्यानं ओरडले की मलाही ऐकू गेलं.

"पुढच्या वर्षी धार लावायच्या आधी तुला विचारीन!"

आणि जाऊन आपल्या खुर्चीत बसले.

माझ्या धंद्याचं शहाणपण एवढंच आहे. चालत्या मशीनला कार्यक्रमाच्या तोंडावर अपडेट करू नये, आणि करायचंच तर त्यावर जो वाजवणार आहे त्याला आधी विचारावं. अण्णांना ते एका संध्याकाळीत कळलं. कंपन्यांना मी अजून ईमेल लिहिते आहे.